कोंबडीच्या हाडांचे सूप: प्रेशर कुकरमधील पद्धत, पोषणमूल्य आणि मर्यादा

परसातील कुक्कुटपालन करणाऱ्या कुटुंबात कोंबडी कापल्यानंतर मांसल भाग रश्श्यात जातो. मान, पाठीचा सापळा, पंखांची टोके आणि पाय मात्र बहुधा कुत्र्यापुढे किंवा उकिरड्यावर जातात. मांसविक्रीच्या लहान दुकानांतही हे भाग अत्यल्प दरात मिळतात. अंड्यांचे उत्पादन घटल्यामुळे काढून टाकलेल्या लेयर कोंबड्यांचे मांस चिवट असल्याने त्यांना भाव कमी मिळतो. या सर्व दुर्लक्षित भागांपासून प्रेशर कुकरमध्ये सुमारे एका तासात उत्तम सूप तयार होते. महिला बचत गटांच्या प्रशिक्षणात हा विषय अलीकडे घेतला जातो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यासोबत दोन गैरसमजही पसरत आहेत. हाडांच्या सुपातून भरपूर कॅल्शियम मिळते, हा पहिला. आणि कुकरमध्ये शिजवलेले सूप निर्जंतुक असल्याने ते टिकते, हा दुसरा. पहिल्या समजामुळे कुपोषित बालकाच्या आहारात चुकीची निवड होऊ शकते, तर दुसऱ्यामुळे थेट विषबाधा. म्हणून कृतीइतकेच तिच्यामागील शास्त्र विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

भारतीय स्वयंपाकाला ही कल्पना नवीन नाही. आयुर्वेदात मांसरसाला बृंहण म्हणजे शरीर पुष्ट करणारा आहार मानले आहे. पश्चिम महाराष्ट्रात मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढलेले अळणी लहान मुलांना व आजाऱ्यांना देण्याचा प्रघात आहे, आणि तमिळनाडूत हाडांचे रसम केले जाते. विशेष म्हणजे प्रेशर कुकरचा जन्मच हाडांसाठी झाला. फ्रेंच संशोधक देनी पापँ याने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेले घट्ट झाकणाचे भांडे कठीण हाडे मऊ करून त्यांतील अन्नांश काढण्यासाठीच होते. भांडे फुटू नये म्हणून त्याने जोडलेली वजनाची झडप हीच आजच्या शिट्टीची पूर्वज होय.

कुकरमध्ये नेमके काय घडते

हाडे, कूर्चा, स्नायुबंध आणि पायांची त्वचा यांत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन असते. पाण्यात दीर्घकाळ तापवल्यास त्याचे जिलेटिनमध्ये रूपांतर होऊन ते पाण्यात उतरते. उघड्या पातेल्यात, 100 अंश सेल्सिअसला, यासाठी चार ते सहा तास लागतात. घरगुती कुकरमध्ये वातावरणापेक्षा सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका अधिक दाब निर्माण होतो व पाण्याचे तापमान 120 अंशांच्या आसपास पोहोचते. त्यामुळे तेच काम तासाभरात होते आणि इंधनाची मोठी बचत होते.

उंचीवरील प्रदेशांत हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो. लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते. हाडांचे सूप करण्यासाठी तेथे कुकरला पर्याय नाही. कुकरमधील तापमानही तेथे मैदानी प्रदेशापेक्षा काही अंशांनी कमी राहते, म्हणून वेळ वाढवावा लागतो.

पक्ष्याच्या वयाचाही परिणाम होतो. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरची हाडे सच्छिद्र असतात व त्यातील कोलॅजेन लवकर विरघळते. दीड वर्षाच्या लेयर कोंबडीत किंवा पोक्त गावरान पक्ष्यात कोलॅजेनचे धागे एकमेकांशी पक्के जोडले गेलेले असतात. त्यामुळे वेळ अधिक लागतो, पण चव अधिक भरदार येते. परंतु वेळ वाढवत राहणे हिताचे नाही. उच्च तापमानात जिलेटिनच्या साखळ्या तुटू लागतात, सूप थंड झाल्यावर नीट गोठत नाही आणि चवीला किंचित करपट छटा येते.

कृती

पाच लिटरच्या कुकरसाठी 1 किलो हाडे आणि पावणेदोन लिटर पाणी पुरेसे होते. पाणी व हाडे मिळून कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. हाडांत निदान चार-सहा पाय असावेत, कारण कोलॅजेनचा सर्वांत मोठा वाटा पायांतून येतो. पाय गरम पाण्यात थोडा वेळ बुडवले की वरची पिवळी खवलेदार साल सहज सुटते; नखांची टोके कापून टाकावीत. कच्चे मांस वाहत्या नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या तुषारांसोबत साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू ओट्यावर व शेजारच्या भाज्यांवर पसरतात. खोलगट भांड्यात धुऊन ते पाणी सावकाश ओतून द्यावे, आणि त्यानंतर विळी, पाट व हात साबणाने स्वच्छ करावेत.

यानंतरची एक पायरी अनेक जण वगळतात, परंतु तिनेच सूप स्वच्छ होते. हाडे पातेल्यात गार पाण्यात घालून उकळी आणावी, पाच मिनिटांत वर येणारा राखाडी फेस पाण्यासह टाकून द्यावा व हाडे पुन्हा धुऊन कुकरमध्ये घ्यावीत. हा फेस केवळ दिसायला वाईट असतो असे नाही. कुकरमध्ये तो वर चढून वाफेच्या नळीत अडकू शकतो. आता नवे गार पाणी, एक कांदा, आल्याचा तुकडा, लसणाच्या काही पाकळ्या, आठ-दहा मिरी आणि चिमूटभर हळद घालावी. मीठ शेवटी घालावे, कारण सूप आटवायचे ठरल्यास आधी घातलेले मीठ जास्त होते.

झाकण लावण्यापूर्वी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी, रिंगेला चिरा नाहीत याची खात्री करावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच असावा. आयएस 2347 हे भारतीय मानक व आयएसआय चिन्ह असलेलाच कुकर वापरावा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करावी आणि तेथून वेळ मोजावी: ब्रॉयलरच्या हाडांसाठी 45 ते 60 मिनिटे, लेयर अथवा पोक्त गावरान कोंबडीसाठी 75 ते 90 मिनिटे. आपल्याकडे स्वयंपाक शिट्ट्यांवर मोजण्याची सवय आहे, पण येथे ती उपयोगाची नाही. शिट्टी म्हणजे वाफ व पाणी बाहेर जाणे. इतक्या दीर्घ शिजवणीत शिट्ट्या होत राहिल्या तर तळाशी पाणी उरणार नाही. मंद आचेवर वजन किंचित हलत राहील व क्वचितच शिट्टी होईल, इतकीच उष्णता हवी.

आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा; त्याला 20 ते 30 मिनिटे लागतात. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडल्यास आतील द्रव उसळतो, चरबी त्यात बारीक मिसळते आणि सूप गढूळ होते. भाजण्याचा धोका तर आहेच. दाब उतरल्यावर सूप आधी गाळण्यातून व नंतर स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळून घ्यावे. साधारण सव्वा ते दीड लिटर सूप मिळते. थंड झाल्यावर वर साचलेला चरबीचा थर काढता येतो, आणि खालचा भाग थरथरणाऱ्या जेलीसारखा गोठला तर कोलॅजेन चांगले उतरले असे समजावे.

कॅल्शियम कोठे जाते

शेतकऱ्याला याचे उत्तर खतांच्या दुकानात सापडते. खत नियंत्रण आदेशानुसार कच्च्या हाडांच्या चुऱ्यात किमान 20 टक्के स्फुरद असावे लागते, तर दाबाखाली वाफवलेल्या हाडांच्या चुऱ्यात किमान 22 टक्के. वाफवल्याने स्फुरदाचे प्रमाण वाढते, कारण हाडांतील नत्रयुक्त जिलेटिन व चरबी निघून जातात आणि कॅल्शियम फॉस्फेट मागे राहते. कुकरमध्ये नेमके हेच होते. जिलेटिन सुपात येते. कॅल्शियम बहुतांशी हाडातच राहते. पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातल्याने थोडे अधिक उतरते, परंतु चव बिघडू न देता घालता येईल इतक्या आम्लाने मोठा फरक पडत नाही. लंडनमध्ये मॅक्कन्स, शेल्डन व विडोसन यांनी 1934 मध्ये हाडांच्या सुपाची तपासणी केली, तेव्हाही कॅल्शियमच्या बाबतीत दुधापुढे त्याची गणना होत नाही, असेच दिसून आले होते. पेलाभर गाईच्या दुधात 200 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना किंवा गर्भवतीला कॅल्शियमसाठी हाडांचे सूप सुचवणे म्हणजे तिच्या वाट्याचे दूध व नाचणी मागे सारणे होय.

प्रथिनांबाबतही असाच विवेक हवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हाडांतून काढलेले जिलेटिन रुग्णालयांतील गरीब रुग्णांना मांसाऐवजी देण्याचा प्रयोग मोठ्या उत्साहाने झाला. त्यावर वाद उठला आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1841 मध्ये अहवाल दिला: केवळ जिलेटिनवर ठेवलेले प्राणी जगत नाहीत. कारण उलगडण्यास पुढे सहा दशके लागली. 1901 मध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल सापडले, आणि जिलेटिनमध्ये ते नसते. सुपातील प्रथिन खरे आहे, पण अपूर्ण आहे.

याचा अर्थ सूप निरुपयोगी असा मुळीच नाही. ते रुची वाढवते, आजारातून उठलेल्याला पाणी व क्षार देते आणि साध्या अन्नाला चव देऊन ते अधिक खाल्ले जाईल असे करते. त्यात तांदूळ-मुगाची खिचडी शिजवल्यास डाळीतील ट्रिप्टोफॅन जिलेटिनची उणीव भरून काढते. हाडांना चिकटलेले मांस सोडवून सुपात परत घालावे किंवा उकळत्या सुपात अंडे फेटून सोडावे. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम परिपूर्ण प्रथिन मिळते. लहान मुलाला जेवणाआधी वाटीभर पातळ सूप देऊन त्याचे छोटेसे पोट भरून टाकणे मात्र टाळावे. युरिक आम्लाचा त्रास असलेल्यांनी असे सूप नियमित घेऊ नये, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

खरा धोका झाकण उघडल्यानंतर

शिजवून संपलेल्या सुपात जिवाणूंना हवे ते सर्व असते: पाणी, प्रथिने आणि जवळजवळ उदासीन सामू. 120 अंशांत बहुतेक जिवाणू व त्यांचे बीजाणू नष्ट होतात हे खरे. पण झाकण उघडल्याबरोबर पळी, कापड, हात आणि हवा यांच्यामार्फत नवे जिवाणू येतात. खोलगट पातेल्यातील सूप तासन् तास कोमट राहते आणि हीच त्यांच्या वाढीची सर्वांत अनुकूल अवस्था असते. "सकाळी पुन्हा उकळले की झाले" ही समजूत घातक आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस यांनी रात्रभरात तयार केलेली काही विषे उकळूनही नष्ट होत नाहीत.

म्हणून सूप 60 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून 5 अंशांपर्यंत पुढील चार तासांत आणावे. घरी यासाठी थर्मामीटर नसला तरी चालते. गाळलेले सूप पसरट स्टीलच्या भांड्यांत दोन-तीन इंच खोलीपर्यंत ओतून ती परातीतील गार पाण्यात ठेवावीत, पाणी दोन-तीनदा बदलावे, शक्य असल्यास बर्फ घालावा आणि स्वच्छ पळीने ढवळत राहावे. नंतर झाकून फ्रीजमध्ये ठेवलेले सूप तीन दिवसांत संपवावे; उणे 18 अंशांत गोठवल्यास ते काही महिने टिकते. ज्या घरी फ्रीज नाही तेथे नियम सोपा आहे: एका जेवणापुरतेच करावे आणि गरम असतानाच संपवावे. माठाशेजारच्या गारव्यावर किंवा हिवाळ्यातील थंडीवर भिस्त ठेवू नये.

बचत गटांकडून हमखास येणारा प्रश्न बाटलीबंद विक्रीचा असतो. घरगुती कुकरमधील सूप गरम असताना बाटलीत भरून घट्ट बंद करणे अत्यंत धोकादायक आहे. कमी आम्लाच्या, हवाबंद पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमची वाढ होऊ शकते व तिचा ना वास येतो ना चव. असे उत्पादन बंद डब्यातच दाबाखाली निर्जंतुक करावे लागते. त्यासाठी रिटॉर्ट यंत्रणा, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना लागतो. ताजे, गरम सूप आठवडी बाजारात पेल्याने विकणे हा गटांसाठी अधिक व्यवहार्य मार्ग आहे. नोंदणी मात्र त्यालाही आवश्यक आहे.

पक्षी कोणता, हेही पाहिले पाहिजे. टेट्रासायक्लिन वर्गातील प्रतिजैविके कॅल्शियमशी बांधली जाऊन हाडांत साठतात. मांसासाठी सांगितलेला औषधोत्तर प्रतीक्षाकाळ पूर्ण न झालेल्या पक्ष्याची हाडे सुपासाठी मुळीच घेऊ नयेत. आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षीही वापरू नये. बर्ड फ्लूचा विषाणू 70 अंशांवर नष्ट होत असल्याने शिजलेल्या सुपापासून धोका नसतो. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि सोलण्यात.

सूप गाळल्यावर उरलेली हाडे बोटांनी चुरडण्याइतकी मऊ झालेली असतात. ती पुन्हा कोंबड्यांच्या खाद्यात मिसळू नयेत. उन्हात कडक वाळवून, कुटून परसबागेतील वांगी-टोमॅटोच्या आळ्यांत मातीखाली चार-सहा इंच पुरावीत. उघड्यावर टाकल्यास कुत्री व उंदीर येतात. आम्लधर्मी जमिनीत, म्हणजे कोकण, केरळ किंवा ईशान्येकडील राज्यांत, त्यांतील स्फुरद पिकाला लवकर उपलब्ध होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते फार सावकाश मिळते, तेथे हा चुरा शेणखतात मुरवून वापरणे चांगले.