भिंतीवरची बुरशी : घरगुती तपासणीवर किती विसंबावे?

पावसाळा सरता सरता अनेक घरांत भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे निघतात, कपाटामागे काळे-हिरवे ठिपके दिसतात. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर काळजी वाटणे साहजिक आहे. मग कुणीतरी घरच्या घरी बुरशी तपासण्याचा संच मागवायला सुचवतो. हा खर्च कितपत उपयोगी आहे?

या संचात बुरशीला पोषक द्रव्य असलेली बशी असते. ती खोलीत काही वेळ उघडी ठेवायची, नंतर झाकून काही दिवस ठेवायची. ठिपके उगवले की घरात बुरशी आहे, असे समजायचे.

पण बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. डब्यात राहिलेल्या शिळ्या पोळीवर बुरशी येते ती त्यामुळेच. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगाच्या बशीत अशीच बुरशी आली आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. म्हणजे स्वच्छ, कोरड्या घरातल्या बशीतही बुरशी उगवू शकते.

उलट, बशीत काही उगवले नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूक. हलके बीजाणू हवेतच तरंगत राहतात. काही बुरशी त्या द्रव्यावर वाढत नाहीत. मृत बीजाणू तर उगवतच नाहीत, तरी त्यांची अॅलर्जी होऊ शकते. शिवाय किती बीजाणू म्हणजे धोका, याचे सर्वमान्य प्रमाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही असा आकडा न देता ओल टाळण्यावर आणि ती दूर करण्यावर भर दिला आहे.

रंगावरूनही निष्कर्ष काढू नये. २०२१ मध्ये महाराष्ट्रात गाजलेला 'काळी बुरशी' हा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, मुख्यतः कोरोनानंतर मधुमेह अनियंत्रित असलेल्या व स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. त्यातील काळेपणा मृत झालेल्या पेशींचा असतो. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे.

खरी तपासणी डोळे, नाक आणि हात यांनीच होते. डाग दिसला, कोंदट वास आला, भिंत हाताला ओली लागली, की बुरशीचा बंदोबस्त करायचाच. ओल कुठून येते हे कळण्यासाठी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतील दमटपणा जास्त आहे.

काय करावे?

* गळता स्लॅब किंवा नळ आधी दुरुस्त करा. नुसता रंग दिल्यास बुरशी पुन्हा येते.
* खिडक्या उघडून, नाका-तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने डाग घासा आणि जागा पूर्ण कोरडी करा. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये.
* ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा संडास धुण्याचे द्रावण कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.
* बुरशी लागलेली गादी, उशी टाकून द्या.
* कपाटे आणि धान्याची पोती भिंतीपासून थोडी दूर, पोती फळ्यांवर ठेवा.

खोकला, धाप किंवा छातीत घरघर वारंवार होत असेल तर बशीतील ठिपके मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तपासणी भिंतीपेक्षा रुग्णाची होणे महत्त्वाचे.