कानशिलावरचा मार हलका समजू नका

"डॉक्टरसाहेब, डोक्याला मार लागला, पण माणूस शुद्धीवर आहे. मग काळजी कशाला?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो. त्याचे उत्तर मी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी शिकलो.

आमच्या वेळी शरीररचनाशास्त्राचा अभ्यास दीड वर्ष चाले. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांना पाणी येई. हात-पाय लवकर पाठ झाले. डोके आणि मान यांनी मात्र सर्वांना घाम फोडला. कानातली इवली हाडे सोडून कवटी व चेहऱ्याची २२ हाडे, मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, आणि हे सारे एवढ्याशा जागेत!

एके दिवशी सरांनी कवटी खिडकीच्या उजेडात धरली. कानशिलापाशी हाड इतके पातळ, की उजेड आरपार दिसला. आतून बोट फिरवल्यावर रक्तवाहिनीची खाचही लागली. सर म्हणाले, "इथे हाड तडकले, तर ही वाहिनी फाटू शकते."

वाहिनी फाटली की हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. कवटी म्हणजे बंद डबा. रक्त वाढले की मेंदू दबतो. पण साचायला वेळ लागतो. मधल्या काळात रुग्ण बोलतो, चहासुद्धा पितो. घरचे निर्धास्त होतात, आणि तिथेच घात होतो.

काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाला माझ्याकडे आणले. चुलते म्हणाले, "पोरगं चांगलं बोलतंय, घरी नेतो." तेवढ्यात त्याला उलटी झाली. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी. डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब येऊ लागल्याची ती खूण. ताबडतोब नगरला पाठवले. सी.टी. स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसली, त्याच रात्री ऑपरेशन झाले. आज तो ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो.

वाचकहो, डोक्याला मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, हातापायात अशक्तपणा, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे किंवा कान-नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. मानेलाही इजा असू शकते, म्हणून रुग्णाला उचलताना डोके व मान एका रेषेत ठेवा. गुंगीत पाणी पाजू नका. दुचाकीवर हेल्मेट घाला, पट्टा लावा; मागे बसणाऱ्यानेही.

ज्याच्या देहावर आम्ही हे शिकलो, त्याचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. त्या तरुणाच्या जिवात त्याचाही वाटा आहे. देहदानाचा विचार घरात जरूर बोलून पाहा.