घरातली वाळवी ओळखू या : एका कपाटाने शिकवलेला पाठ



परिसर अभ्यासात आपण मुलांना 'निरीक्षण करा' असं रोज सांगतो. पण घरी वेळ आली की आपण स्वतः निरीक्षण करतो का? मी केलं नव्हतं, त्याचीच ही गोष्ट.

बिबवेवाडीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात सासूबाईंचं आंब्याच्या लाकडाचं जुनं कपाट आहे. लग्नात माहेरून, रत्नागिरीहून आलेलं. त्यामुळे त्यांचा त्यात फार जीव. गेल्या वर्षी कपाटाखाली रोज रव्यासारखे दाणे पडू लागले. आम्ही पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने दाण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, जमिनीतून येतेय," म्हणाला, भिंतीकडेने फरशीला भोकं पाडली, औषध सोडलं आणि सहा हजार रुपये घेऊन गेला. दोन महिन्यांनी दाणे पुन्हा हजर! सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, देऊन टाका कपाट भंगारात." पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

ते दाणे मी कागदाच्या पुडीत बांधून चौथीच्या वर्गात नेले. भिंगातून बघून एक मुलगी म्हणाली, "बाई, हा भुसा नाहीये. सगळे दाणे एकसारखे आहेत, आणि त्यांना बाजू आहेत!" खरंच की! तिथून माझा अभ्यास सुरू झाला.

१) जमिनीतली वाळवी

आपल्याकडे घरात जास्त करून हीच आढळते. हिची वसाहत मातीत असते. कामकरी वाळवी आंधळी, फिकट रंगाची आणि मऊ अंगाची असते. उघड्यावर ती लगेच सुकते, म्हणून भिंतीवर, चौकटीवर मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आतून ये-जा करते. पोखरलेल्या लाकडात माती सापडते आणि टकटक केलं तर पोकळ आवाज येतो.

वारूळ बांधणारी वाळवी याच गटातली. मुलं हमखास म्हणतात, "वारूळ म्हणजे नागाचं घर." वारूळ बांधते वाळवी, साप फक्त रिकाम्या वारुळात आसऱ्याला जातो. नागपंचमीच्या आसपास हा मुद्दा जरूर घ्या. ही वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी याच बुरशीची.

२) कोरड्या लाकडातली वाळवी

हिला ना माती लागते ना वेगळी ओल. हिची छोटी वसाहत लाकडाच्या आतच राहते. मातीची नळी कुठेच दिसत नाही. लाकडाला बारीक छिद्र पाडून ती आपली विष्ठा बाहेर ढकलते. खसखशीएवढे, लांबट, सहा बाजूंचे कडक दाणे! समुद्रकाठच्या दमट हवेत ही जास्त आढळते आणि फर्निचरबरोबर गावोगाव प्रवास करते. आमच्या कपाटाचा उलगडा इथे झाला.

३) ओल्या लाकडातली वाळवी

ही आपल्याकडे हिमालयाच्या जंगलात, पडलेल्या ओंडक्यांत राहते. पुण्याच्या घरात हिची काळजी नको. भिंतीला ओल असेल तिथे येते ती बहुतेक जमिनीतलीच.

वाळवी नसलेले दोघे

*लाकूड पोखरणारा भुंगेरा :* लाकडाला बारीक गोल छिद्रं आणि खाली मैद्यासारखी पूड. बोटांनी चोळून बघा. दाणे लागले तर वाळवी, पीठ लागलं तर बहुतेक भुंगेरा.

*पंखवाली मुंगी :* पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वळलेल्या. सकाळी खिडकीत नुसत्या पंखांचा ढीग दिसला तर वाळवीची शंका घ्या. गंमत म्हणजे वाळवी मुंगीच्या नात्यातली नाहीच, ती झुरळाची नातेवाईक!

वर्गात घेण्याजोगा उपक्रम

- मुलांना गळून पडलेले पंख, लाकडाची पूड किंवा मातीच्या नळीचा तुकडा पुडीत आणायला सांगा. औषध मारलेल्या जागेला मात्र हात लावू नये, हे आधी बजावा.
- भिंगातून बघून वहीत चित्र काढायला लावा. नाव नंतर सांगा.
- भिंतीवरची नळी मोठ्यांच्या मदतीने थोडीशी मोडावी आणि काही दिवस बघावं. पुन्हा बांधली गेली तर वाळवी आत जिवंत आहे. बांधली नाही तर मात्र 'गेली' असं लगेच ठरवू नये, ती दुसऱ्या वाटेने जात असेल.

पालकांसाठी

प्रकार कळला की उपाय बदलतो. जमिनीतल्या वाळवीसाठी पाया आणि भिंतीलगतच्या मातीत औषध द्यावं लागतं. इमारतींसाठी त्याचं भारतीय मानकही आहे, आय.एस. ६३१३. कोरड्या लाकडातल्या वाळवीला फरशीखालचं औषध पोहोचतच नाही, तिथे लाकडावरच उपचार हवा. औषध स्वतः मारू नका, जाणकाराकडूनच करून घ्या. पण तो येईल तेव्हा "कोणती वाळवी आहे आणि कशावरून?" एवढं नक्की विचारा.

आम्ही दुसऱ्या माणसाकडून कपाटाच्या लाकडात औषध भरून घेतलं आणि सुताराकडून खालची फळी बदलली. आता दाणे पडत नाहीत. तरी सासूबाई रोज केर काढताना कपाटाखाली वाकून बघतात. निरीक्षण म्हणतात ते हेच!

तुमच्या वर्गात हा उपक्रम नक्की घेऊन बघा.