पाणी ओतून देऊ नकोस

चि. ईशास,


तू पाठवलेला गोळ्यांच्या डबीचा फोटो पाहिला. ‘डीएनएचे रक्षण करणारा ४० भाज्यांचा अर्क’, किंमत १,८०० रुपये. एवढ्यात कितीतरी दिवसांची पालेभाजी येईल गं!

तू परळला राहतेस म्हणून सांगते. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. तुझ्या खोलीजवळच्या हाफकिन संस्थेतच त्यांचं काम चाले. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तातला अर्क, दिल्यावर बायकांचं रक्त सुधारलं. त्या अर्कात होतं काय, ते कोडं पुढे सुटलं. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते द्रव्य वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून फोलिक ॲसिड.

पेशी नवी होताना डीएनएत थायमिन बसवावं लागतं. फोलेट, म्हणजे हेच पानातलं द्रव्य, कमी पडलं की थायमिन पुरत नाही, मग त्याच्या जागी युरॅसिल बसतं. शिंप्याने रेशीम संपलं म्हणून कच्चा दोरा घालावा, तसं. पेशीतले दुरुस्तीवाले तो टाका उसवतात, पण परत घालायला हाताशी पुन्हा कच्चा दोराच. समोरासमोरचे दोन टाके एकदम उसवले की कापड टर्रकन फाटतं.

हे फोलेट पाण्यात विरघळतं आणि आचेने जातं. मी वीस वर्षं पालक उकडून ते हिरवं पाणी मोरीत ओतलं. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, हे विशेष! तू तसं करू नकोस. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, मूठभर मूगडाळ घालून झाकणाखाली वाफवावी. डाळीतही फोलेट असतंच.

कोबीची पचडी कर, आजीसारखी मोहरी फेसून. नाकात जातो तो झणका आणि चिरलेल्या कोबीचा उग्रपणा, दोन्ही एकाच कुळातल्या द्रव्यांमुळे. प्रयोगशाळेत ही द्रव्यं पेशीची विषं निपटणारी यंत्रणा जागी करतात. ताटात घेतल्यावर माणसाला किती फायदा होतो, यावर मात्र मी पैज लावणार नाही. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत तो झणका उरत नाही, एवढं खरं.

आणि अर्कांचं म्हणशील, तर फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली होती. त्यातल्या ज्यांना बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजरातल्या द्रव्याच्या, गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे १९९४ साली छापून आलं. तेव्हापासून अशी डबी दिसली की मी आधी चष्मा लावते.

पुढेमागे मूल हवं असेल तेव्हा डॉक्टर दिवस राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिडची गोळी देतील. ती मात्र मुकाट्याने घ्यायची, तिथे माझ्या पालेभाजीचा हट्ट नको.

डबी फोडली नसशील तर दुकानदार परत घेतो का बघ. बिल ठेवलंयस ना?

तुझी,
आत्या