मत म्हणजे साक्ष

घरात मुलीसाठी एखादे स्थळ येते, तेव्हा आपण किती सावध होतो! मुलाची दीनदारी कशी आहे, स्वभाव कसा आहे, कमाई हलालची आहे की नाही, याची चौकशी होते. शेजाऱ्यांना विचारले जाते, नातेवाइकांकडून खातरजमा केली जाते. महिनामहिना विचारविनिमय चालतो. मग निकाहच्या दिवशी अनेक ठिकाणी एक वकील आणि दोन साक्षीदार वधूकडे जाऊन तिची संमती विचारतात. साक्षीदार म्हणून आपले नाव लिहून घेतले जात असताना साधा माणूसही क्षणभर गंभीर होतो. उद्या काही वाद उद्भवला, तर आपल्याला उत्तर द्यावे लागेल, याची जाणीव त्याला असते.

तोच माणूस निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रात जातो आणि काही क्षणांत बटण दाबून बाहेर पडतो. ज्याच्या नावापुढचे बटण दाबले, त्याच्याविषयी त्याने एक संध्याकाळसुद्धा चौकशी केलेली नसते. वास्तविक त्या क्षणी तो साक्षीदारही असतो आणि वकील नेमणाराही असतो. एका कुटुंबाचा नव्हे, तर लाखो लोकांच्या पाण्याचा, शिक्षणाचा, सुरक्षेचा आणि न्यायाचा प्रश्न त्या साक्षीशी जोडलेला असतो. ही साक्ष कशी द्यावी, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मताचे तीन अर्थ

भारतीय उपखंडातील नामवंत आलिम मुफ्ती मुहम्मद शफी (१८९७-१९७६) यांनी मताचा विचार तीन अंगांनी केला आहे. मत ही साक्ष आहे, कारण हा उमेदवार या कामास पात्र व विश्वासू आहे, असे मतदार जाहीर करतो. मत ही शिफारस आहे. सूरह अन्-निसाच्या ८५ व्या आयतीनुसार चांगल्या शिफारशीच्या पुण्यात आणि वाईट शिफारशीच्या ओझ्यात शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो. तिसरे म्हणजे मत ही वकालत आहे. आपण एकाला आपल्या वतीने बोलण्याचा व निर्णय घेण्याचा अधिकार देतो. खासगी कामासाठी नेमलेल्या वकिलाने चूक केली, तर तिचे नुकसान एका घराचे. येथे मात्र वकील सर्वांचा असतो, म्हणून चुकीचे नुकसानही सर्वांचे होते.

या तिन्ही अर्थांमध्ये साक्ष हा अर्थ सर्वांत जड आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा महापापांचा उल्लेख करताना टेकून बसलेले असूनही सरळ होऊन खोट्या साक्षीविषयी पुनःपुन्हा इशारा दिला, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. दुसऱ्या बाजूने सूरह अल्-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपविण्यास मनाई आहे आणि ती लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरविले आहे. म्हणजे अपात्र माणसाच्या बाजूने साक्ष देणे हा एक अपराध आहे, आणि पात्र माणूस समोर असताना आळसाने घरी बसणे हा दुसरा.

प्रतिनिधित्व आपल्याला नवे नाही

काही बंधू विचारतात की, ही व्यवस्था मानवाने बनविलेली आहे, मग तिच्यात भाग का घ्यावा? याचे उत्तर शोधताना हजरत यूसुफ (अ.) यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. इजिप्तचा राजा आणि त्याचे राज्य त्यांच्या धर्माचे नव्हते. तरीही दुष्काळापासून जनतेचे रक्षण करण्यासाठी त्यांनी देशाच्या कोठारांची जबाबदारी मागून घेतली (सूरह यूसुफ, आयत ५५). लोकांचे भले होत असेल, तर जबाबदारीपासून पळणे ही ईशपरायणता नव्हे.

प्रतिनिधी निवडण्याची कल्पनाही आपल्या इतिहासात आहे. हिजरतीपूर्वी अकबा येथे झालेल्या दुसऱ्या प्रतिज्ञेच्या वेळी मदीनेहून ७३ पुरुष व २ स्त्रिया आल्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्यामधून १२ नकीब, म्हणजे प्रतिनिधी, पुढे करण्यास सांगितले. त्यांपैकी ९ खजरज कबिल्याचे आणि ३ औस कबिल्याचे होते. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी अंतसमयी खलीफाची निवड सहा जणांच्या मंडळावर सोपविली, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मदीनेत फिरून लोकांची मते जाणून घेतली. ती आजच्यासारखी निवडणूक नव्हती, हे खरे. परंतु ज्यांच्यावर कारभार चालवायचा, त्यांचे मत विचारात घ्यावे, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. सूरह अश्-शूराच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांचे कामकाज परस्पर सल्लामसलतीने चालते, असे वर्णन आले आहे.

आपल्या देशातील व्यवस्था

भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला. इंग्रजी राजवटीत मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीमुळे बहुसंख्य जनता मतापासून वंचित होती. संविधानाने ती भिंत पाडली. आरंभी मतदाराचे किमान वय २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ वर्षे झाले.

लोकसभेसाठी आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग निवडणूक घेतो. लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांपैकी ४८ महाराष्ट्रात आहेत आणि राज्याच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा व विधानसभा मतदारसंघात ज्याला इतर सर्वांपेक्षा अधिक मते मिळतात, तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. म्हणून उमेदवार अनेक असतील, तेव्हा थोड्या मतांनीही निकाल बदलतो. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणणारे शंभर जण एकाच वस्तीत असतील, तर तेथे शंभर साक्षी लपविल्या गेल्या.

२०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही आहे. एकही उमेदवार पात्र वाटत नसेल, तर आपली नापसंती नोंदविण्याचा तो मार्ग आहे. मात्र लोकसभा व विधानसभेत या पर्यायाला कितीही मते पडली, तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणाराच विजयी होतो, हे ध्यानात ठेवावे. कमी दोषांचा उमेदवार ओळखता येत असेल, तर त्याच्या बाजूने साक्ष देणे अधिक परिणामकारक ठरते.

साक्ष कोणाच्या बाजूने?

सूरह अल्-कससच्या २६ व्या आयतीत हजरत मूसा (अ.) यांच्यासंदर्भात कामावर ठेवण्यास योग्य माणसाचे दोन गुण आले आहेत : तो समर्थ असावा आणि विश्वासू असावा. हजरत यूसुफ (अ.) यांनीही स्वतःविषयी रक्षण करण्याची वृत्ती आणि ज्ञान हेच दोन गुण सांगितले. उमेदवार तपासण्याची हीच कसोटी आहे. केवळ सज्जन असून भागत नाही, त्याला काम कळलेही पाहिजे. केवळ कर्तबगार असून भागत नाही, त्याच्या हाती सार्वजनिक पैसा सुरक्षितही राहिला पाहिजे.

ही चौकशी करण्याचे साधन कायद्याने दिले आहे. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती असते. ते शपथपत्र आयोग सर्वांसाठी खुले करतो. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने ते मोठ्यांना वाचून दाखवावे. येथेही न्याय सुटू नये. गुन्हा दाखल होणे आणि गुन्हा सिद्ध होणे यांत फरक आहे. ऐकीव गोष्टीवर कोणालाही दोषी ठरवू नये, आणि सिद्ध झालेल्या दोषाकडे डोळेझाकही करू नये.

सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायासाठी ठाम उभे राहण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीत एखाद्या समुदायाच्या वैरामुळेही न्याय सोडू नये, अशी ताकीद आहे. या दोन आयती एकत्र वाचल्या की बिरादरी, ओळखपाळख आणि नाते यांवर दिले जाणारे मत कोठे चुकते, ते कळते. ‘आपला माणूस आहे’ हे साक्षीचे कारण होऊ शकत नाही. तसेच ‘तो आपल्यातला नाही’ हे पात्र माणसाला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरविला आहे.

विकलेली साक्ष

मतदानाच्या आदल्या रात्री काही वस्त्यांत पाकिटे फिरतात. कोठे साड्या वाटल्या जातात, कोठे जेवणावळी उठतात. ‘पैसे सर्वांचे घ्यावेत, मत हवे त्याला द्यावे,’ असे सहज म्हटले जाते. प्रेषितांनी (स.) लाच देणारा आणि घेणारा दोघांचाही धिक्कार केला आहे. न्यायालयातील साक्षीदाराने दोन्ही पक्षांकडून पैसे घेतले आणि नंतर खरे सांगितले, तरी त्याला आपण प्रामाणिक म्हणणार नाही. मतासाठी लाच देणे व घेणे हा देशाच्या कायद्यानेही गुन्हा आहे. शिवाय जो मत विकत घेतो, तो तो खर्च कोठून वसूल करतो? आपल्याच गटारीच्या, शाळेच्या आणि दवाखान्याच्या पैशांतून.

याहून गंभीर प्रकार म्हणजे पैसे देऊन पवित्र कुरआनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे. अल्लाहच्या ग्रंथाचा असा वापर हा मोठा अनादर आहे. अशी शपथ घातली जात असेल, तर ठामपणे नकार द्यावा. कोणी भीतीने वा अज्ञानाने ती घेऊन बसला असेल, तर त्याने प्रेषितांची (स.) ही शिकवण आठवावी की, शपथेनंतर तिच्याहून चांगली गोष्ट दिसली, तर ती चांगली गोष्ट करावी आणि शपथेचे प्रायश्चित्त द्यावे. त्या प्रायश्चित्ताचा तपशील सूरह अल्-माइदाच्या ८९ व्या आयतीत आहे. आपल्या बाबतीतील हुकूम जवळच्या आलिमांकडून समजून घ्यावा. पण शपथेच्या दडपणाखाली अपात्र माणसाला मत देऊ नये.

तिची संमती तिचीच

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१-५२) तयारीत मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण आली. असंख्य स्त्रियांनी यादीत आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद झाली. अखेर अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. त्या सर्व धर्मांच्या घरांतील होत्या. नाव नाही, म्हणून साक्ष नाही.

निकाहमध्ये वधूची संमती तिच्याकडूनच घेतली जाते. ती समजदार असताना तिच्या वतीने परस्पर ‘होकार’ ठरवून टाकणे योग्य नाही, हे आपण जाणतो. प्रेषितांनी (स.) स्त्रियांची प्रतिज्ञाही स्वतंत्रपणे स्वीकारली होती (सूरह अल्-मुम्तहना, आयत १२). मग मतदानाच्या सकाळी घरातील स्त्रियांना ‘अमुक चिन्हावर बटण दाबा’ एवढाच निरोप का मिळावा? पती पत्नीला, वडील मुलीला माहिती देऊ शकतात, चर्चा करू शकतात. पण साक्ष ज्याची त्याने द्यायची असते. कायद्याने मत गुप्त ठेवले आहे, ते याच स्वातंत्र्यासाठी.

आधी यादी, मग मत

साक्ष देण्यासाठी नाव यादीत असले पाहिजे. ओळखपत्र हाती असूनही नाव यादीत नसेल, तर मत देता येत नाही. विवाहानंतर आडनाव वा पत्ता बदललेल्या मुली, घर बदललेले भाडेकरू आणि नुकतेच १८ वर्षांचे झालेले तरुण यांची नावे अनेकदा राहून जातात. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता किंवा तपशील दुरुस्त करण्यासाठी नमुना ८ भरावा. नाव दोन ठिकाणी असणे कायद्यास मान्य नाही. एक नोंद कमी करून घ्यावी, कारण दोन ठिकाणी मत देणे हीसुद्धा खोटी साक्षच आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हाच तपासावी. त्या वेळी हरकत घेता येते, मतदानाच्या दिवशी केवळ पश्चात्ताप उरतो.

केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेला असल्याचे कळले, तर निमूटपणे परतू नये. ओळख पटवून दिल्यावर केंद्राध्यक्षाकडून मतपत्रिकेवर वेगळे मत नोंदविण्याचा हक्क नियमांनी दिला आहे.

बंधू-भगिनींनो, मतदानाच्या पडद्यामागे आपण काय केले, हे उमेदवाराला कळत नाही, मोहल्ल्याला कळत नाही, घरातल्यांनाही कळत नाही. कायदा त्या पडद्याचे रक्षण करतो, पण पडद्याआडच्या प्रामाणिकपणाचे रक्षण करू शकत नाही. ते काम ईशभयाचे आहे. जेथे कोणीही पाहत नाही, तेथे अल्लाह पाहत असतो, हीच श्रद्धावंताची ओळख. निकाहच्या साक्षीइतकीच चौकशी, तितकेच गांभीर्य आणि तितकीच जबाबदारी आपण या साक्षीलाही द्यावी. अल्लाह आपल्याला सत्याची साक्ष देण्याचे धैर्य देवो. आमीन.