पावसाआधी: आधी बियाणं, मग पत्रे



१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ समुद्रातूनच पुढे गुजरातकडे गेलं, तरी पालघर जिल्ह्यात कितीतरी घरांचं नुकसान झालं. तेव्हा जव्हार-मोखाड्याला समुद्र लांब आहे म्हणून निवांत राहू नका.

मे महिन्यात नागली, वरई, भाताचं बियाणं घरातच असतं. ते भिजलं तर उगवण जाते, आणि घरचं जुनं वाण दुकानात मिळत नाही. बियाणं उन्हात चांगलं सुकवा, गार होऊ द्या, मगच घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. दमट बियाणं बंद पिंपात बुरशी धरतं. थोडं बियाणं भावकीत दुसऱ्या घरी ठेवा, एक छप्पर गेलं तरी पेरणी अडणार नाही. सातबारा, आधार, रेशनकार्डही प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवा.

आता पत्रे. वारा वळचणीखालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. त्यामुळे नुसते दगड ठेवून भागत नाही, उलट तोच दगड झोपलेल्या माणसावर पडतो. कडेचे पत्रे जाड तारेने वाशाला आवळा. घरावर आलेल्या फांद्या आत्ताच छाटा.

गडगडाट ऐकू आला की राबावरचं काम सोडून पक्क्या घरात या. मोहाच्या, आंब्याच्या झाडाखाली थांबू नका. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोफत आहे, घरातल्या पोरांकडून टाकून घ्या.

नुकसान झालंच तर आवरण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठी, ग्रामसेवकांना कळवा. मदतीसाठी पंचनामा लागतो.

– आपला कृषी सल्लागार