न झोपणारे नाक

चोर दाराशी आला तर कुत्रे भुंकते आणि घर जागे होते. परंतु शेगडीच्या नळीतून निसटणारा वायू पावलांचा आवाज करीत नाही. स्वयंपाकाचा वायू मुळात गंधहीन असतो. त्याची गळती ध्यानात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तथापि गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकाचा भरवसा कोणी द्यावा? हा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि मग एक ठिणगीही अनर्थास पुरेशी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हे इंधन घरोघरी पोहोचले आणि त्याबरोबर स्फोटांचे अपघातही घडू लागले. न झोपणारे एखादे नाक माणसाला घडविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या दिसणाऱ्या पदार्थात दडले होते.

तांब्यातून वीज सहज वाहते; काचेतून ती वाहत नाही. या दोहोंच्या मधल्या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. १९६२ साली क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व त्यांचे सहकारी यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तापवून त्यातून वीज सोडली. भोवतालचा वायू बदलताच विजेचा प्रवाहही बदलतो, असे त्यांना आढळले. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिलाचे ऑक्साइड निवडले. ज्या कथिलाची आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथील. १९६८ साली त्यांचे उपकरण बाजारात आले.

या उपकरणाचे कार्य मोठे मनोवेधक आहे. हवेतील ऑक्सिजन तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि तेथील इलेक्ट्रॉन अडवून धरतो. बंधाऱ्याने पाणी अडवावे, तसाच हा प्रकार होय. त्यामुळे वीज मंदावते. ज्वलनशील वायू तेथे येताच तो ऑक्सिजन त्याच्याशी संयोग पावून निघून जातो. अडविलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, प्रवाह वाढतो आणि घंटा वाजते. हवा शुद्ध झाली की ऑक्सिजन पुन्हा पृष्ठभागाला चिकटतो व पहारा पूर्ववत सुरू होतो.

मग थर पातळच का हवा? ही सारी देवघेव पृष्ठभागावरच चालते. जाड गोळ्याच्या अंतर्भागाला तिची वार्ताही नसते. पातळ थर मात्र आरपार बदलतो. तापलेल्या काचेवर द्रावणाचा सूक्ष्म फवारा मारूनही असे थर तयार करता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशा पातळ थरांवर संशोधन झाले आहे.

हे नाक अद्याप निर्दोष नाही. मद्यार्काच्या वाफेनेही ते फसते व विनाकारण घंटा वाजविते. म्हणूनच संशोधकांचे प्रयत्न आजही चालू आहेत.

परंतु घंटा वाजली, तर ती खोटी असेल असे मानून स्वस्थ बसू नये. विजेच्या बटणाला हात न लावता टाकीची चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. उपकरण केवळ सावध करते. पुढचे कर्तव्य जागृत माणसाचे असते.

स्वाध्याय
१. स्वयंपाकाच्या वायूत उग्र वासाचे द्रव्य का मिसळतात?
२. ज्वलनशील वायू येताच थरातील विजेचा प्रवाह का वाढतो?
३. हे उपकरण छताजवळ न लावता जमिनीलगत का लावावे? विचार करून लिहा.